भरपाई हक्काची हवी, मेहेरबानीची नको

कोर्टाने निर्दोष सोडलं की आपण म्हणतो, चला, न्याय मिळाला. पोरगा घरी आला, पेढे वाटले, विषय संपला. पण आत गेलेली वर्षं? गेलेली नोकरी, मोडलेलं लग्न, वकिलासाठी विकलेलं रान? त्याचा हिशोब कुणी द्यायचा?

बीदर-भालकीकडची बरीच पोरं शिकायला, कामाला हैदराबादला येतात. मीही त्यातलाच, सध्या नल्लकुंट्यात राहतो. इथून मुसी ओलांडून जुन्या शहरात गेलं की मक्का मशीद लागते. 18 मे 2007 ला, शुक्रवारी, तिथे बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर पोलिसांनी जुन्या शहरातली मुसलमान पोरं उचलली. कोठडीत छळ झाल्याच्या तक्रारी आल्या. राज्य अल्पसंख्याक आयोगाने नेमलेल्या वकिलाने पोरांना भेटून तसा अहवालही दिला. पुढे कोर्टातून ही पोरं सुटली, आणि सीबीआयचा तपास भलत्याच दिशेला गेला.

राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या शिफारशीवरून 2012 च्या सुरुवातीला आंध्र सरकारने 70 जणांना भरपाई दिली. 20 जणांना प्रत्येकी 3 लाख, 50 जणांना प्रत्येकी 20 हजार. एकूण 70 लाख. चुकीच्या अटकेबद्दल सरकारने स्वतःहून पैसे मोजणं ही आपल्या देशात फार दुर्मीळ गोष्ट.

पण ते टिकलं नाही. 2013 च्या सप्टेंबरमध्ये हायकोर्टाने तो सरकारी आदेशच रद्द केला आणि दिलेले पैसे वसूल करायला सांगितलं. कोर्टाचं म्हणणं असं की नुसतं सुटल्याने भरपाईचा हक्क तयार होत नाही, आणि अशी भरपाई द्यायला कायद्याचा आधार नाही.

राग येतो ना? मलाही आला. पण थंड डोक्याने बघितलं तर कोर्टाने आपल्या कायद्यातलं भोक दाखवलं. सरकारने जे दिलं ती मेहेरबानी होती. आणि मेहेरबानी कधीही परत घेता येते. हक्क तसा काढून घेता येत नाही.

मग आपल्या कायद्यात आहे तरी काय? कारण नसताना अटक झाली तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 358 मध्ये भरपाई होती, जास्तीत जास्त 1000 रुपये. तीही सरकारने द्यायची नाही, ज्याच्या सांगण्यावरून पोलिसांनी पकडलं त्याने द्यायची. नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमाचा नंबर 399 झाला, पण आकडा तोच राहिला.

बाकी सगळं कोर्टाच्या मर्जीवर. शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना सुमारे 50 दिवस कोठडीत काढावे लागले. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना 50 लाख द्यायला सांगितले, आणि ते योग्यच झालं. आता आपल्या महाराष्ट्राची केस बघा. नाशिकच्या 2003 च्या एका खून खटल्यात भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर 16 वर्षं तुरुंगात होते. सुप्रीम कोर्टानेच 2009 मध्ये सहाही जणांना फाशी ठरवली होती. 5 मार्च 2019 ला त्याच कोर्टाने सांगितलं, हे निर्दोष आहेत. प्रत्यक्ष साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चार जण ओळखले होते, आणि पोलिसांनी तो धागा सोडून दिला होता. महाराष्ट्र सरकारने प्रत्येकाला 5 लाख द्यावेत, असा आदेश झाला. 16 वर्षांनी भागून बघा. दिवसाला 86 रुपयेसुद्धा होत नाहीत! आणि अक्षरधाम केसमध्ये दहा वर्षांहून जास्त काळ आत राहून 2014 मध्ये सुटलेल्यांना? 2016 मध्ये त्यांची भरपाईची मागणी सुप्रीम कोर्टाने ऐकलीच नाही.

50 लाख, 5 लाख, शून्य. मोजायला पट्टीच नसेल तर असंच होणार.

यावर कोणी म्हणेल, पुराव्याअभावी सुटला म्हणजे निर्दोष थोडाच? प्रश्न बरोबर आहे. म्हणून तर कायदा हवा. विधी आयोगाने 2018 मध्ये 277 क्रमांकाच्या अहवालात याचा रस्ता दाखवलाय. सुटलेल्या प्रत्येकाला पैसे द्या, असं आयोग म्हणत नाही. पोलिसांनी किंवा सरकारी पक्षाने जाणूनबुजून खोटी केस केली, पुरावा बनवला किंवा दडवला, तिथे भरपाई द्या. त्यासाठी विशेष कोर्टं असावीत, ठराविक मुदतीत निकाल लागावा, आणि पैशासोबत कामधंद्याचं शिक्षण आणि मनाच्या उपचारासाठीही मदत मिळावी. इतकी वर्षं झाली, अहवाल पडून आहे.

आणि हा कायदा माणूस बघून चालता कामा नये. मक्का मशीद केसमध्ये नंतर पकडलेले हिंदू आरोपीही 16 एप्रिल 2018 ला सुटले. त्यांच्यापैकी कुणाला खोट्या पुराव्यावर अडकवल्याचं सिद्ध झालं, तर त्यालाही तीच पट्टी लावायची. आपला-परका केला की हक्काची परत मेहेरबानी होते.

हे सीमाभागातल्या पोरांनी का वाचायचं? कारण मोर्चा निघाला, केस पडली, तारखा सुरू झाल्या, हे आपल्याला नवीन नाही. पोलीस राज्याचे असतात, पण हा कायदा संसदेने करायचाय. तो झाला तर गाव कर्नाटकात, तेलंगणात की महाराष्ट्रात, यावर कुणाची भरपाई अडणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी खासदार मतं मागायला गल्लीत आला की रस्ता-गटारीसोबत एवढंही विचारा: 277 व्या अहवालाचं काय केलंत?