परसातला पतंग आणि घेवड्याचे बी

पावसाळ्यानंतर सोलापुरातील परसबागांत सदाफुलीच्या फुलासमोर एक चिमुकला जीव हवेत स्थिर राहून मध टिपताना दिसतो. ‘हमिंगबर्ड आला’ असे कौतुकाने सांगितले जाते. वास्तविक हा पक्षी अमेरिका खंडांबाहेर आढळत नाही. आपल्याकडे येतो तो दिवसा उडणारा हॉकमॉथ, म्हणजे एक पतंग. डोक्यावरच्या मिशा आणि गुंडाळून घेता येणारी लांब सोंड नीट पाहिली की उलगडा होतो. ऐकीव गोष्ट डोळ्यांनी तपासून घेणे, हा विज्ञानाचा पहिला पाठ येथे विनामूल्य मिळतो.

याच कुळातील पारदर्शक पंखांच्या पतंगाची अळी अनंताच्या पानांवर वाढते. तिच्या शेपटाशी एक टोकदार शिंग असते. ती दिसताच आपण औषध फवारतो आणि पुढे ‘तो पक्षी’ का येत नाही, म्हणून हळहळतो. कार्यकारणभाव शिकवायला याहून स्पष्ट उदाहरण कोणते?

म्हणून माझे आग्रहाचे मत आहे की, आपल्या निवासी शाळेत फवारणीविना राखलेला एक वाफा आणि गावरान शेंगांचा एक मांडव असावा. यावर पालकांचा आक्षेप मला ठाऊक आहे : ‘मुले शिकायला पाठवली, माती उकरायला नव्हे.’ ज्यांच्या पिढ्या दुसऱ्यांच्या बांधावर राबल्या, त्यांचा हा आक्षेप रास्तच आहे. बाग हे बिनपगारी मजुरीचे साधन होता कामा नये. ती प्रयोगशाळा असावी. हाती वही असावी आणि आठवड्यातून एक तास पुरावा.

घेवडा या प्रयोगासाठी उत्तम. त्याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. पतंगावर ते अवलंबून नसते. त्यामुळे वाण शुद्ध राखणे मुलांनाही जमते. निरोगी वेलीच्या शेंगा वेलीवरच वाळू द्याव्यात, बी राखेत घोळवून मडक्यात ठेवावे आणि वाणाचे नाव, गाव व वर्ष लिहून ठेवावे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंडही न पाहता गावरान वाणांची बीजबँक उभी केली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्याच्या घरी बी, त्याला पेरणीच्या वेळी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

आपल्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हुलगा आणि मटकी कमी पाण्यावर तग धरतात. तरीही चार पैसे हाती येताच हुलग्याचे माडगे गरिबीची खूण म्हणून अनेक घरांच्या ताटातून गेले. शिक्षणाने आलेल्या स्वाभिमानाने आपल्या आजीच्या अन्नाची लाज बाळगावी, हे पटत नाही.

माजी विद्यार्थ्यांना विनंती इतकीच की, पुढील मेळाव्यास येताना आपल्या गावचे मूठभर वाल, पावटा, चवळी वा हुलग्याचे बी आणावे. शाळेने ते वाढवावे आणि दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या हाती दाखल्यासोबत त्यातील एक पुडी द्यावी. अनंताच्या झाडावरील अळीला मात्र तेवढे दिवस सुखाने पाने खाऊ द्यावीत.