पक्ष्याचा डोळा आणि अंधारातला घास

परीक्षा जवळ आल्या की महाविद्यालयांच्या व्यासपीठांवरून पक्ष्याच्या डोळ्याची गोष्ट हमखास सांगितली जाते. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, फक्त डोळा दिसतो. म्हणून बाण लागतो. आम्हीही ती वर्षानुवर्षे सांगत आलो. आता ती सांगणे थांबवावे, निदान एकटी सांगू नये, असे आमचे मत झाले आहे.

एक तर मूळ संहितेत डोळा नाहीच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत आदिपर्वाचा १२३वा अध्याय उघडून पाहावा. कारागिरांकडून करवून घेतलेला कृत्रिम भास पक्षी झाडाच्या शेंड्यावर ठेवलेला आहे आणि अर्जुन सांगतो ते इतकेच, की डोके दिसते, अंग दिसत नाही. भासाचा पोपट कुणी केला हा लोककथेच्या अभ्यासकांचा प्रांत. आमची तक्रार वेगळी आहे. ही परीक्षा अध्यायाच्या उत्तरार्धात येते. बाण पुन्हा पुन्हा त्याच जागी का लागतो याचे उत्तर मात्र आरंभीच येऊन गेलेले असते.

द्रोण आचाऱ्याला एकांतात बजावतात, की अर्जुनाला अंधारात कधीही जेवू घालू नकोस. पुढे एकदा तो जेवत असता वाऱ्याने दिवा विझतो. अर्जुन जेवतच राहतो आणि हात तोंडाची वाट चुकत नाही. ही सवयीची करणी आहे हे त्याच्या ध्यानी येते आणि तो रात्री धनुष्य घेऊन बसतो.

साध्या धनुष्याला नेम धरण्याचे साधन नसते. प्रत्यंचा ओढणारा हात दर वेळी चेहऱ्यावरच्या एकाच जागी, ओठाच्या कोपऱ्याशी म्हणा किंवा गालाच्या हाडाखाली, येऊन टेकावा लागतो. तो बोटभर मागेपुढे झाला की ताण बदलतो, बाणाचा वेग बदलतो आणि बाण वर किंवा खाली जातो. सोडताना बोटांना हिसका बसला तर तो बाजूला जातो. लक्ष्याकडे टक लावून यातले काहीच सुधारत नाही. उलट लक्ष्य समोर असले की हात घाई करतो. म्हणून आजचे धनुर्धरही सरावात कधी लक्ष्याचा कागद काढून टाकतात, गवताच्या भाऱ्यासमोर चार पावलांवर उभे राहतात, डोळे मिटतात आणि नुसते बाण सोडत राहतात. घास तोंडाशी जातो तसा हात गालाशी जावा, एवढ्याचसाठी.

साहित्याच्या मंडळींना मात्र गूढ प्रिय. ऑयगेन हेरिगेल यांच्या धनुर्विद्येवरील १९४८च्या जर्मन पुस्तकातही एक रात्र आहे. त्यांचे जपानी गुरू आवा केन्झो अंधारात दोन बाण सोडतात आणि दुसरा पहिल्याला चिरत जातो. हेरिगेल यांनी त्यात अध्यात्म पाहिले. यामादा शोजी यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात दाखवून दिले, की त्या वेळी तेथे दुभाषी नव्हता आणि पुढे त्याच दुभाष्यापाशी आवा यांनी तो निव्वळ योगायोग असल्याचे सांगितले होते. हेरिगेल यांना लक्ष्यासमोर उभे करण्यापूर्वी गुरूंनी वर्षानुवर्षे गवताच्या पेंढीवरच बाण मारायला लावले, हे त्याच पुस्तकात आहे. ती पाने कुणी उद्धृत करीत नाही.

रात्रीचा टणत्कार ऐकून द्रोण अर्जुनाला आलिंगन देतात आणि तुझ्यासारखा दुसरा धनुर्धर होणार नाही असे करीन, असा शब्द देतात. एकलव्याचा अंगठा जातो तो या शब्दापायी. त्यानेही वनात, मातीच्या मूर्तीपुढे, सरावानेच विद्या मिळवलेली. अंगठा दिल्यावर तो बोटांनी प्रत्यंचा ओढतो, पण पूर्वीची शीघ्रता उरत नाही, असे संहिता नमूद करते. त्याची एकाग्रता शाबूत होती, गुरुभक्तीही होती. गेली ती हाताची सवय. काय मागावे हे द्रोणांना नेमके ठाऊक होते.

हे प्रसंग क्रमाने वर्गात वाचले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण आचाऱ्याला त्यांनी तसे का सांगितले?” संहिता कारण देत नाही. आम्हांला वाटते, अंधारात जेवणाऱ्याला काय उमगेल हे द्रोण जाणून होते आणि ते त्याला इतक्यात उमगायला नको होते. तसे आम्ही तिला सांगितले. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, “मग डोळ्याची गोष्ट आम्हांला का सांगता?”