अन्न उकिरड्यावर नको, आठवडाभर ताटात हवं!

मांडवगण फराटा आणि पंचक्रोशीतले समस्त ग्रामस्थ, माता-भगिनी, मंगल कार्यालयांचे चालक, आचारी आणि केटरिंगवाले यांना महिला बचत गटांचं जाहीर आवाहन.

गेल्या आठवड्यात गावाजवळच्या एका लग्नात शेवटची पंगत उठल्यावर काय झालं, ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी पाहिलं. मसालेभात, वांगं-बटाट्याची भाजी, पुऱ्या, जिलेबी, सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरलं आणि ओढ्याच्या कडेला, उसाला लागून ओतून दिलं. मसालेभातातून अजून वाफ निघत होती. वर पेरलेले काजू आणि ओलं खोबरंही तसंच होतं. अंधार पडायच्या आत तिथे कुत्र्यांची झुंड जमली. आम्ही विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "आमच्या पैशाचं अन्न, तुम्हाला काय त्याचं?"

आम्हाला काय त्याचं, ते आज सगळ्या गावासमोर सांगतो.

आपल्या शिरूर तालुक्यात 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात बिबट्याने लेकरांचे जीव घेतले. संतापलेली माणसं रस्त्यावर उतरली. पिंजरे लागले, अधिकारी आले. ते व्हायलाच हवं होतं. पण बिबट्या वस्तीपर्यंत येतो कशाच्या मागे? डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्याच्या खाद्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, जवळजवळ 39 टक्के. कुत्री कशावर पोसली जातात, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. उसाच्या कडेला भात ओतणारा माणूस कुत्र्यांना जेवू घालतो आणि बिबट्याला वाट दाखवतो. पिंजऱ्यासाठी वन खात्याकडे अर्ज करायचा आणि रात्री ट्रॉली ओतायची, या दोन गोष्टी एकाच गावाने करू नयेत!

"कुत्र्यांना कशाला, गाईला घालू की!" असं म्हणणारे तर घरोघरी आहेत. दुधावर संसार चालवणाऱ्या गावाने हे बोलावं, याचं नवल वाटतं. शिजवलेला भात, पुऱ्या, पोळ्या घमेलंभर एकदम खाल्ल्या की जनावराच्या पोटात आम्ल वाढतं. रवंथ थांबतो, पोट फुगतं, वेळेत डॉक्टर पोचला नाही तर जनावर दगावतं. लाखाची गाय पुण्य करायच्या नादात घालवू नका.

आणि माणसांचं काय? कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीड-नगरकडची ऊसतोड कुटुंबं आपल्याच शिवारात कोप्या टाकून राहतात. बाई पहाटे तीनला उठून चूल पेटवते, भाकरी थापते आणि फडात जाते. दुपारी लेकरं तीच गार भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खातात. त्या कोपीपासून हाकेच्या अंतरावर आपण जिलेबी ओततो. लाज वाटायला आणखी काय हवं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (2019-21) सांगते, की महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी आहे आणि पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी 35 मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. तिकडे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल म्हणतो, की भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला सुमारे 55 किलो अन्न वाया जातं. पाच माणसांच्या घराला हे पावणेतीन क्विंटल झालं. यात साली-देठंही धरलेली आहेत, असं कोणी म्हणेल. धरू द्या. साली-देठं वजा करूनही जे उरतं, त्याचं उत्तर द्या.

म्हणजे दोष फक्त लग्नवाल्यांचा नाही. ट्रॉली सगळ्यांना दिसते, मोरीशेजारची बादली कोणाला दिसत नाही. भीमेच्या पाण्यावर आपली शेतं हिरवी झाली आणि 72 चा दुष्काळ आपण विसरलो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, रांगेत उभं राहून मिळालेली सुकडी आणि मिलोची लाल भाकरी कशी लागायची. शेजारच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीचे धान्य साठवायचे खड्डे आणि कणग्या ठेवायचे गोल ओटे सापडले. याच मातीतली माणसं दाणा न् दाणा सांभाळत होती. आपण शिजवून फेकतो.

"शिळं खाल्लं की अंगात आळस भरतो", "पाहुण्यांत नाव जाईल", "आमच्यात असलं खात नाहीत" या सबबींना उत्तर देण्यात आम्ही वेळ घालवणार नाही. ज्या घरात रात्रीच्या भाकरीचा काला ताकात कालवून बापजाद्यांनी नांगर धरला, त्या घराला हे शोभत नाही.

आता कामाचं. आठवडा असा लावा.

सोमवार: उरलेल्या भाताला फोडणी द्या, पण नुसती हळद-मिरची नको. मूठभर मोडाची मटकी, किसलेलं गाजर, शेंगदाणे, कोथिंबीर घाला.
मंगळवार: शिळ्या भाकरीचा कुस्करा. कांदा, कढीपत्ता, भरपूर शेंगदाणे आणि सोबत वाटीभर ताक.
बुधवार: उरलेल्या आमटीत किंवा वरणात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, चिरलेली मेथी आणि कांदा कालवून थालीपीठं लावा. वेगळं पाणी घालू नका, डाळ पिठातच जाऊ द्या.
गुरुवार: पोळ्या उरल्या तर मिक्सरमधून काढून शेंगदाण्याचा कूट, तीळ आणि बेताचा गूळ घालून लाडू वळा. शाळेच्या डब्यात पुड्यातल्या कुरकुऱ्यांऐवजी हे द्या.
शुक्रवार: उसळ उरली तर वर कच्चा कांदा, टोमॅटो, लिंबू घेऊन भाकरीबरोबर खा किंवा कोरडी करून पराठ्यात भरा.
शनिवार: टोपली रिकामी करायची. मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी, फ्लॉवरच्या कोवळ्या पानांची डाळभाजी, कोथिंबिरीच्या काड्यांची चटणी.
रविवार: आंबट झालेल्या ताकाची कढी. आणि मटणाचा रस्सा उरलाच तर सोमवारी सकाळी खळखळून उकळून संपवायचा, बुधवारपर्यंत पुरवायचा नाही.

हे करताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. शिळं म्हणजे नासकं नव्हे आणि नासकं कोणाच्याही ताटात जाता कामा नये. भाताची विशेष काळजी घ्या. त्यात बॅसिलस सेरेयस नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर पातेल्यात कोमट राहिला की जिवाणू वाढून विष तयार होतं आणि ते परत गरम केल्याने जात नाही. म्हणून भात उरला की परातीत पसरून गार करा, दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रिज नसेल किंवा रात्री लाइट जात असेल, तर भात रात्री मोजूनच लावा. गरम करायचं ते वाफ येईपर्यंत आणि एकदाच. वास, बुळबुळीतपणा, बुरशी दिसली तर जीव अडकवू नका, सरळ खताच्या खड्ड्यात टाका. लहान बाळ, गरोदर बाई आणि आजारी माणसाला ताजंच वाढा. आणि हो, शिळं फक्त सुनेने खायचं, ही रीत आजपासून बंद! उरलेलं सगळ्यांच्या ताटात सारखं पडलं पाहिजे, घरधन्याच्या ताटात आधी.

कार्यवाल्यांसाठी आमच्या मागण्या:

1. आचाऱ्याला आकडा सांगताना वाटलेल्या पत्रिका मोजू नका, येणारी माणसं मोजा. शेवटच्या दोन पंगतींचा भात पंगत बसल्यावर लावा.
2. पदार्थ कमी करा. पाच गोडांनी कोणाची इभ्रत वाढलेली नाही.
3. वाढप्यांनी थोडं वाढावं, परत विचारावं. बुफेत लहान ताटल्या ठेवा.
4. पातेल्यात उरलेलं, हात न लागलेलं अन्न गरम असतानाच स्वच्छ डब्यांत भरा आणि दोन तासांत वाटा. उष्टं कोणालाही द्यायचं नाही. कोप्यांवर जाल तेव्हा पाहुण्याला वाढतो तसं वाढा, फोटो काढू नका. उरलेलं चांगलं अन्न वाटण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे 2019 चे नियमच आहेत, तेव्हा कायद्याची भीती पुढे करू नका.
5. ओढा, नदीकाठ, उसाची कड इथे अन्न टाकणाऱ्याला दंड करा. येत्या ग्रामसभेत आम्ही हा ठराव मांडणार आहोत.

हे कोण करणार, असं विचारू नका. आम्ही करणार. ज्या बायकांनी बँकेचा हप्ता तारखेच्या आत भरला आणि पापड-मसाल्यावर मुलांच्या फिया भरल्या, त्यांना डबे भरून पोचवणं जड नाही. कार्याच्या दोन दिवस आधी आपल्या आळीतल्या गटाला निरोप द्या, आमच्या चौघीजणी मांडवात हजर राहतील. मजुरी नको, मानपान नको. तरुण मंडळांनी फक्त गाडी द्यावी. गणपतीत रात्र रात्र जागणाऱ्या पोरांना एवढं जमायलाच हवं.

ग्रामसभेला घरटी एक बाई आणि एक पुरुष आलाच पाहिजे. ठरावाला हात वर करा आणि त्याच रात्री घरी जाऊन भात मोजून लावा.

आपल्या,
महिला बचत गटांच्या सर्व सदस्या, मांडवगण फराटा