खडेबाजारातून : विचारणारा माणूस

गेल्या सतरा जानेवारीला सकाळी आम्ही खडेबाजारातून हुतात्मा चौकाकडे निघालो होतो. सोबत आमचा नातू होता. वाटेत त्याने विचारले, "आजोबा, शहापूरला नाथ पै चौक आहे ना, ते नाथ पै म्हणजे हुतात्म्यांपैकीच का?" आम्ही घाईने 'नाही' म्हणून मोकळे झालो, आणि मग चार पावले गेल्यावर आमचे आम्हांसच वाटले की, उत्तर इतके सरळ नव्हते.

बॅरिस्टर नाथ पै जन्माने वेंगुर्ल्याचे. परंतु त्यांच्या विद्यार्थिदशेचा मोठा भाग बेळगावात गेला. १९४२ च्या चळवळीत त्यांनी तुरुंग पाहिला, पुढे विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, आणि १९५७ साली कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून प्रजा समाजवादी पक्षातर्फे लोकसभेत गेले. १९६२ आणि १९६७ मध्येही तेथील मतदारांनी त्यांनाच पाठविले. पक्ष केवढा, तर १९५७ साली लोकसभेत त्याचे एकोणीस सभासद, १९६२ साली बारा, १९६७ साली तेरा. समोर काँग्रेसचे अफाट बहुमत. विरोधी पक्षनेता हे अधिकृत पद तर १९६९ पर्यंत कोणास मिळालेच नव्हते. हाती सत्ता नाही, पद नाही, मतांचे बळ नाही. उरते काय, तर उभे राहून विचारणे.

हे विचारणे म्हणजे काय असते, याची कल्पना आपल्या घरांतून फारशी नसते, म्हणून थोडे सांगतो. लोकसभेच्या कामकाजाचा पहिला तास प्रश्नांचा. सभासदाने कित्येक दिवस आधी लेखी सूचना द्यावयाची. मग सोडत निघते, आणि तिच्यात ज्यांचा क्रमांक लागतो अशा वीसच प्रश्नांना दिवसाकाठी 'तारांकित' म्हणून तोंडी उत्तराचा मान मिळतो. बाकीच्यांची उत्तरे कागदावर येतात. तारांकित प्रश्नाचे छापील उत्तरही मंत्र्याच्या कचेरीतले कारकूनच तयार करतात, तेव्हा त्यातून सहसा काही निसटत नाही. खरी गंमत त्यापुढच्या उपप्रश्नांत. तेथे मंत्र्याच्या हाती कागद नसतो, आणि विचारणाऱ्याने अभ्यास केला असेल तर दोन वाक्यांत खाते उघडे पडते.

या विद्येत आपल्यांपैकी सर्वांत निष्णात कोण, असे विचारले तर आम्ही मधु लिमये यांचे नाव घेऊ. मनुष्य पुण्याचा; लोकसभेत त्यांना पाठविले ते बिहारच्या मुंगेर आणि बांका येथील मतदारांनी. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणांस याचे अप्रूप वाटावयास हरकत नाही! १९७४ साली पाँडिचेरीच्या काही व्यापाऱ्यांना मिळालेल्या आयात परवान्यांचे प्रकरण निघाले. शिफारशीच्या अर्जावर एकवीस खासदारांची नावे, आणि त्यांतील बहुतेकांनी आपण सही केलीच नसल्याचे सांगितले. या प्रकरणाचा पिच्छा पुरविणाऱ्यांत लिमये आघाडीवर होते. पुढच्याच वर्षी आणीबाणी आली आणि जुलै १९७५ च्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तासच स्थगित झाला. त्या वेळी लिमये तुरुंगात होते. (सप्टेंबर २०२० मध्येही हा तास गळाला होता, कारण अर्थात साथीचे होते.)

नाथ पैंची धाटणी निराळी. लिमये कागदपत्रांनी कोंडीत पकडीत, नाथ पै वाणीने. पण नुसते वक्ते म्हणून त्यांना बाजूला ठेवणे अन्यायाचे होईल. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांना संसदेने हात लावू नये असे ठरविले, तेव्हा संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मिळावा म्हणून नाथ पैंनीच एप्रिलमध्ये खाजगी विधेयक आणले. ते संमत झाले नाही. मात्र १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत त्याचा गाभा उतरला. आमचे प्रांजळ मत सांगावयाचे तर विरोधी बाकावरच्या माणसाने बहुमतवाल्यांच्या हाती एवढे शस्त्र द्यावे हे आम्हांस तेव्हाही पटले नव्हते, आणि आणीबाणीनंतर तर मुळीच नाही. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने त्या शस्त्राला म्यान मिळाले, हे आपले नशीब.

आता बेळगावचे. नोव्हेंबर १९५६ मध्ये हा भाग म्हैसूर राज्यात गेला. ऑक्टोबर १९६६ मध्ये केंद्राने महाजन आयोग नेमला आणि ऑगस्ट १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला : निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ गावे म्हैसूरला, आणि बेळगाव जेथल्या तेथे. येथील माणसांचे गाऱ्हाणे दिल्लीत मांडणार कोण? महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार निवडून येत, पण लोकसभेत तिचा उमेदवार बेळगावातून कधीच गेला नाही. १९९६ साली तर या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी बेळगाव मतदारसंघात उमेदवारांची रीघ लागली आणि एकूण ४५६ उमेदवार उभे राहिले. परिणाम काय, तर त्याच वर्षी लोकसभेची अनामत रक्कम पाचशे रुपयांवरून दहा हजारांवर गेली. तेव्हा आमच्या वतीने बोलला तो राजापूरचा खासदार. ज्यांनी त्याला मत दिले नव्हते, देऊ शकतही नव्हते, त्यांच्यासाठी.

२७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली. म्हणजे पुढच्या सतरा जानेवारीला बेळगावात आले तेव्हा नाथ पै खासदारही नव्हते. निवडणूक तोंडावर होती, राजापूरला प्रचार करावयाचा होता, प्रकृती साथ देत नव्हती. तरी ते आले, जानेवारी १९५६ च्या गोळीबारात बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेत बोलले, आणि काही तासांतच, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगावातच हृदयविकाराने गेले. वय अवघे अठ्ठेचाळीस. मार्चमध्ये राजापूरकरांनी त्यांच्या जागी प्रा. मधु दंडवते यांना निवडले आणि तेव्हापासून एकूण सलग पाच वेळा त्यांनाच पाठविले.

२००४ पासून सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे. लोकसभेच्या नियमांप्रमाणे न्यायप्रविष्ट बाबीवर प्रश्न विचारता येत नाही. म्हणजे आज एखादा नाथ पै उभा राहिला, तरी अध्यक्ष त्याला खाली बसवू शकतील.

चौकात पोहोचलो तेव्हा फुले वाहणाऱ्यांची रांग लागली होती. नातवाने पुन्हा विचारले, "मग ते हुतात्मा की नाही?" आम्ही त्याच्या हाती दोन फुले दिली आणि म्हणालो, "एक येथे वाहा. दुसरे ठेव. परतताना शहापूरवरून जाऊ."