रानांतील अळंब्यांची पारख

मृगाचा पाऊस स्थिरावला, कीं कोंकणांत आणि सह्याद्रीच्या उतारांवर अळंब्यांचा शोध सुरू होतो. शहरांतून यासंबंधीं जो उपदेश येतो तो एवढाच, कीं रानचें अळंबें खाऊंच नये. पण तो कोणी पाळीत नाहीं. आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें उत्तम अन्न केवळ भीतीनें टाकावें, हें आम्हांसही मान्य नाहीं. आमचा वाद आहे तो पारखीच्या चालू रीतीशीं.

भाजींत टाकलेलें चांदीचें नाणें किंवा लसूण काळी पडली नाहीं म्हणजे अळंबीं निर्विष, किडीनें खाल्लीं म्हणजे माणसासही चालतील, भरपूर शिजविलीं कीं विष मरतें, या तिन्ही समजुती खोट्या आहेत. अमॅनिटा वंशांतील प्राणघातक जातींचें विष उकळण्यानें जात नाहीं. शिवाय तें सहा तासांहून अधिक, कधीं एक दिवसही, गप्प बसतें. मग ओकारी-जुलाब होऊन उतार पडल्यासारखें वाटतें, आणि तेवढ्यांत यकृत निकामी होत असतें. सर्व अळंब्यांस लागू पडेल अशी एकच कसोटी नाहीं. जात ओळखावी लागते.

आपल्याकडील आवडतें, वारुळावरचें अळंबें घ्या. त्याच्या वंशास फ्रेंच शास्त्रज्ञ हाइम यानें १९४२ सालीं टर्मिटोमायसीस हें नांव दिलें. वाळवी चघळलेल्या पाल्यालांकडाचीं पोळीं वारुळांत रचून त्यांवर ही बुरशी पोसते, व पावसांत तीच जमीन फोडून वर येते. म्हणून याच्या देंठास मुळासारखी लांब शेपटी असते, ती खालीं पोळ्यापर्यंत जाते. त्याच दिवसांत गवतांत क्लोरोफायलम नांवाचें मोठें पांढरें भूछत्र उगवतें. कोंवळेपणीं त्याच्या छत्रीखालचे पडदेही पांढरेच असल्यामुळें जाणताही फसतो, आणि कांहीं तासांतच ओकाऱ्यांनीं बेजार होतो. याच्या देंठावर कडें असतें, शेपटी नसते. छत्री कापून, पडदे खालीं करून, कागदावर रात्रभर झांकून ठेवावी. सकाळीं क्लोरोफायलमचा ठसा हिरवट दिसेल, वारुळावरच्याचा गुलाबीसर. स्वीडनच्या फ्रीसनें १८२१ पासून जी वर्गवारी मांडिली तींत या बीजाणूंच्या रंगास मोठें स्थान होतें. आज वंशद्रव्य तपासून ती पुष्कळ बदलली आहे, तरी ओसरीवर करतां येण्यासारखी परीक्षा हीच. मात्र गुलाबी ठसा म्हणजे परवाना नव्हे, कारण विषारी एन्टोलोमाचाही ठसा गुलाबीच पडतो. जागा, शेपटी, देंठ आणि ठसा हीं सर्व जुळलीं तरच हात लावावा. एकही जुळेना, तर अळंबें उकिरड्यावर.

यासाठींच देंठ तोडून विकावयास आणलेलीं अळंबीं आम्हांस पसंत नाहींत. अमॅनिटाच्या बुडाशीं जी वाटी असते ती उपटतांना बहुधा मातींतच राहते, म्हणजे ओळखीची मुख्य खूण रानांतच राहिली. विकणारानें प्रत्येक वांट्यांत एक तरी सबंध अळंबें ठेवावें, आणि घेणारानें तें मागून पाहावें.

जमीनदार शेतकऱ्यांकडे आमचें आणखी एक मागणें आहे. बांधावरचें वारूळ दिसलें, कीं औषध ओतून तें मोडण्याची घाई होते. कलमांस उपद्रव होत असेल तेथें आमची तक्रार नाहीं. पण या अळंब्याची व्यापारी लागवड अद्याप कोणास साधलेली नाहीं. तें वाळवीच्याच घरीं पिकतें. वारूळ मोडलें, तर पुढल्या पावसांत त्या बांधावर अळंबें उगवणार नाहीं.