म्हातारे यंत्र, कसदार खेळ

हातात मावणाऱ्या व्हिडिओ गेमवर कुटुंबाच्या पानात लिहायचे काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. शाळेची फी, आजारपण, घरचा खर्च हे विषय थोडे आहेत का? पण ज्या घरात माय विड्या वळते, बाप राइस मिलमध्ये पोती उचलतो आणि दोघे कामात असताना पोराच्या हातात मोबाईल असतो, त्या घराला खेळाचाही हिशेब कळला पाहिजे. कामठ्यासारख्या गावात आज मैदानापेक्षा मोबाईलभोवती जास्त पोरे गोळा होतात. म्हणून आज थोडे जुन्या यंत्रांविषयी आणि त्यांच्या उतारवयातल्या खेळांविषयी.

उतारवयातल्याच का? कोणतेही यंत्र नवे असते तेव्हा ते पैसेवाल्याच्या पोराचे असते. चार-सहा वर्षांनी त्याची किंमत उतरते, वापरलेला माल बाजारात येतो आणि मग ते साध्या घरात पोहोचते. तोवर खेळ तयार करणाऱ्या कारागिरांचाही हात बसलेला असतो. त्यामुळे यंत्र जुने आणि खेळ मात्र कसदार, असे पुष्कळदा घडते.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'गेम बॉय' हे याचे ठळक उदाहरण. तो १९८९ मध्ये निघाला. त्यामागे गुनपेई योकोई हे होते. हे गृहस्थ १९६५ मध्ये त्याच कंपनीत पत्ते छापणाऱ्या यंत्रांच्या देखभालीसाठी लागले होते. महागड्या नव्या तंत्राच्या मागे न धावता स्वस्त झालेल्या, पक्क्या तंत्राचा नवा उपयोग शोधावा, असे त्यांचे मत होते. गेम बॉयला रंगीत पडदा नव्हता. हिरवट-करड्या चार छटा, बस्स. दुसऱ्या कंपन्यांची रंगीत यंत्रे त्याच काळात आली. पण ती महाग होती आणि सेल भराभर खात. चार सेलवर तासन् तास चालणारा गेम बॉय टिकला. पुढच्या रंगीत आवृत्तीसह तो सुमारे ११ कोटी ८७ लाख इतका खपला.

१९९६ पर्यंत मात्र या यंत्राचे दिवस भरले असे बाजार मानू लागला होता. नेमक्या त्याच वर्षी 'पोकेमॉन' आला. तो ज्यांनी रचला त्या सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडायचा नाद होता. टोकियोच्या कडेला त्यांचे गाव. वस्ती वाढली, तळी बुजली, रान गेले आणि किडेही गेले. शहरातल्या मुलांना तो आनंद परत मिळावा म्हणून त्यांनी चित्रविचित्र प्राणी शोधण्याचा, पाळण्याचा हा खेळ केला. त्याला सहा वर्षे लागली. खेळाची खरी गंमत पुढे आहे. तो दोन प्रकारांत विकला गेला आणि काही प्राणी एकातच, काही दुसऱ्यातच ठेवले. सगळे हवे असतील तर दोन यंत्रे वायरने जोडून दोस्ताशी अदलाबदल करणे भाग. एकट्याने खेळून संग्रह पुरा होतच नाही. दुसऱ्याची गरज खेळातच गुंफली होती.

आमच्या भागात खरा गेम बॉय कोणी पाहिला असेल तर विरळाच. आमच्याकडे आला तो 'ब्रिक गेम'. प्लॅस्टिकचा डबा, वरून पडणाऱ्या विटा आणि डब्यावर '९९९९ इन १' असा दणदणीत आकडा. खेळ निघायचे मोजकेच. बाकी त्यांचीच उलटापालट. पण जत्रेत, बाजारात परवडण्याजोगा तोच होता. त्या विटांचा मूळ खेळ 'टेट्रिस'. मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो १९८४ मध्ये रचला. साऱ्या जगाने तो खेळला, पण हक्क सरकारी खात्याकडे असल्याने रचणाऱ्याला त्याचा मोबदला मिळू लागला तो १९९६ पासून. कष्ट एकाचे आणि कमाई दुसऱ्याची, ही गोष्ट आपल्या लोकांना समजावून सांगायला नको.

पुढे सोनी कंपनीचे 'पीएसपी' आले. जपानात ते डिसेंबर २००४ मध्ये निघाले आणि २०१४ पर्यंत त्याचे उत्पादन आटोपले. त्याच्याही उत्तरार्धातले खेळ आम्हाला अधिक आवडतात. २०१० च्या डिसेंबरात जपानात 'मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड' आला आणि ४० लाखांवर खपला. यात चौघांनी आपापली यंत्रे घेऊन जवळजवळ बसायचे आणि मिळून एका अजस्र श्वापदाला गाठायचे. एकजण चुकला तर चौघांचे नुकसान. सांघिक कामाचा धडा याहून सोपा कसा द्यावा?

त्याच सुमारास आपल्याकडेही काही घडले. जगातले मोठे खेळकर्ते नव्या यंत्रांकडे वळत होते, तेव्हा या जुन्या यंत्रावर भारतीय मातीतले खेळ आले. हैदराबादच्या 'गेमशास्त्र'ने 'देसी अड्डा' काढला. त्यात कबड्डी, गिल्ली-दांडा, पतंगबाजी. मुंबईच्या 'ट्राइन गेम्स'ने २०१० मध्ये 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' आणला. म्हणजे आपले गल्लीतले क्रिकेट. जगातल्या मोठ्या खेळांच्या मानाने ते साधे होते हे खरे. पण जी गिल्ली आपली पोरे धान कापलेल्या बांधीत फुकट उडवतात, ती पडद्यावर चढण्याच्या लायकीची आहे, असे कोणीतरी मानले. आपला खेळ हलका नाही, एवढे त्यातून पोराला कळले तरी पुष्कळ झाले.

या सगळ्या खेळांत एक गोष्ट सारखी होती आणि ती कष्टकरी घराने ध्यानात घ्यावी. त्यांची किंमत एकदाच मोजायची होती. गेम बॉयची कॅसेट असो की पीएसपीची चकती, विकत घेतली की आपली. शेजाऱ्याच्या पोराला चार दिवस द्या, त्याची आपण आणा, कंटाळा आला तर विकून टाका. ग्रंथालयातल्या पुस्तकासारखी ती हातोहात फिरे. यंत्र बंद केले की खेळही गप्प बसे. खिशातून हाक मारत नसे.

आजचा मोबाईलवरचा खेळ पुष्कळदा फुकट मिळतो. पण फुकट म्हणून घरात शिरलेला हा पाहुणा रोज हात पसरतो. नवा पोशाख हवा, पैसे टाका. पुढची पायरी लवकर गाठायची, पैसे टाका. काही खेळांत तर पैसे लावून जिंकण्याचे आमिष होते. त्यात घरे कर्जात बुडाली. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. परंतु खेळाच्या आतली पोशाख-हत्यारांची दुकानदारी त्या मनाईत येत नाही. तेथे पहारा घरच्यांनीच द्यायचा आहे.

म्हणून आई-बापांनी पोराच्या हातून मोबाईल हिसकावण्याआधी त्याच्या शेजारी दहा मिनिटे बसावे आणि तीन प्रश्न विचारावेत. या खेळाचे पैसे एकदाच द्यायचे की रोज? हा खेळ संपतो का, की संपूच देत नाही? आणि यात सोबत कोण आहे? उत्तरे ऐकून मग काय ते ठरवावे. मोबाईलवर पैसे भरण्याचा गुप्त क्रमांक मात्र पोराला सांगू नये. ज्यांना परवडेल त्यांनी वापरलेले जुने यंत्र आणि दोन-चार जुने खेळ आणले तरी हरकत नाही. पण ते दोन-तीन घरांनी मिळून आणावे, म्हणजे पोरे एकत्र बसतील. मुलींनाही त्यात सारखी पाळी मिळावी. घरकामाच्या नावाखाली पोरींचा खेळ आधी बंद होतो, हे आम्ही घरोघर पाहतो.

आणि ज्यांना यंत्र परवडत नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. परदेशातल्या मोठमोठ्या कारागिरांनी वायर जोडून, यंत्रे शेजारी ठेवून जे घडवायचा खटाटोप केला, ते म्हणजे चार पोरांनी एकत्र येणे. त्याला आपल्याकडे एक दांडू, एक गिल्ली आणि रिकामी बांधी पुरते.