पहिला प्रश्न आशाताईलाच येतो

सरकारी खात्यांना प्रेस नोट काढता येते, पण लोकांशी कोणी, कधी आणि काय बोलायचे हे आधी बसून ठरवण्याची सवय नाही. मोताळा तालुक्यात उपकेंद्रावर नर्स म्हणून माझी उमर गेली, आता मी निवृत्त आहे, पण ही तक्रार जुनी झालेली नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात जे घडले त्याने ती जास्तच टोचू लागली.

डिसेंबर २०२४च्या अखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस हातात येऊ लागले. आधी डोके खाजायचे, मग केस ओढला की निघायचा, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. पहिल्यांदा बुरशीचा संसर्ग असावा असे ऐकू आले. मग पाण्यातल्या नायट्रेटचे नाव निघाले. मग आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. फेब्रुवारीत संशोधक डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. तोवर १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली होती. एप्रिलमध्ये काहींची नखे गळायला लागली.

कारण बदलत गेले म्हणून मी कोणाला दोष देणार नाही. नमुना पाठवल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत काय काय होते ते मी आयुष्यभर पाहिले आहे. माझे म्हणणे त्या मधल्या दिवसांबद्दल आहे. त्या दिवसांतही घरोघरी पाणी भरले जात होते, दळण गिरणीत जात होते, पोरांची शाळा चालू होती. तिकडे दिलेल्या माझ्या भाचीचा फोन आला, "मावशी, ते टीव्हीवाल्याचं राहू दे. हे पाणी प्यावं का नाही अन् पोराला शाळेत धाडावं का नाही, एवढं सांग." तिने आधी गावातल्या आशाताईला विचारले होते. आशाताईकडे सांगण्यासारखे काही नव्हते. मोबाइलवर मात्र ‘टक्कल व्हायरस’ कधीचाच येऊन पोचला होता.

व्हायरस म्हटले की लागण आली, आणि लागण म्हटली की त्या गावचा माणूस दुसऱ्या गावात नको. कॉलेजातल्या मुलींच्या परीक्षा बुडाल्या, ठरलेली लग्ने पुढे गेली, असे पुढे छापून आले. केस बऱ्याच जणांना पुन्हा आले. मोडलेली सोयरीक केसांसारखी उगवत नाही. हे नुकसान सेलेनियमने केले नाही, ते त्या एका शब्दाने केले, आणि त्या शब्दाला उत्तर द्यायला गावात कोणी तयार केलेले नव्हते.

हेच आरोग्य खाते लोकांशी बोलण्याची आखणी किती बारकाईने करू शकते, हे मी पल्स पोलिओत अनुभवले आहे. आमचा मायक्रोप्लॅन असायचा. कोणत्या टीमने कोणत्या गल्लीपासून सुरुवात करायची, वीटभट्टीवर कोण, मलकापूरच्या रेल्वे स्टेशनवर कोण, सगळे कागदावर. डोस झालेल्या घराच्या भिंतीवर खडूने ‘पी’, राहिलेल्या घरावर ‘एक्स’. संध्याकाळच्या बैठकीत प्रत्येक ‘एक्स’चे कारण सांगावे लागे: घर बंद होते, बाळ मामाच्या गावी गेले, की घरच्यांनी नकार दिला. नकाराच्या घरी दुसऱ्या दिवशी कोणी जायचे, हाच खरा कस होता. तिथे साहेब पाठवून भागत नसे. कुठे शाळेचे गुरुजी लागत, कुठे मौलाना, कुठे त्याच गल्लीतली सुईण. ज्या आजीने दार लावून घेतले तिची भीती आधी ऐकून घ्या, मग बोला, असे आम्हाला सांगितलेले असे, आणि बहुतेक वेळा ऐकून घेतल्यावर बोलण्याचे काम अर्धेच उरे. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही, २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. लसीचे श्रेय लसीला आहेच, पण त्या खडूच्या खुणांनाही आहे, असे मी ठामपणे मानते.

पोलिओची तारीख आधी माहीत असायची, साथ सांगून येत नाही, असे कोणी म्हणेल. म्हणूनच तिची तयारी आधी हवी. तयारी नसली की काय होते ते १९९४मध्ये सुरतेत दिसले, प्लेगच्या बातमीने लाखो माणसे मिळेल त्या गाडीने पळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्ये साथीच्या काळात लोकांशी कसे बोलावे याची मार्गदर्शक सूत्रे काढली. विश्वास, लवकर सांगणे, पारदर्शकता, लोकांचे ऐकणे आणि पूर्वनियोजन, एवढाच त्यांचा गाभा. यातले काहीही आमच्या जिल्ह्याला न झेपणारे नाही.

तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात एक पान तयार असावे. पहिल्या दिवशी बोलणारा अधिकारी एकच, आणि त्याचे नाव सगळ्यांना माहीत. पत्रकारांना सांगण्याआधी तेच चार शब्द आशाताई, अंगणवाडीताई, पोलीस पाटील आणि रेशन दुकानदाराकडे गेलेले असावेत, कारण पहिला प्रश्न त्यांनाच येतो. काय कळले, काय अजून कळलेले नाही, तोवर घरात काय करायचे, आणि पुन्हा कधी सांगणार, एवढेच त्यात हवे. ‘अजून कळलेले नाही’ म्हणायला अधिकारी कचरतात. गाव त्यावर चिडत नाही. काल एक आणि आज दुसरे ऐकले की चिडते.

हे फक्त साथीपुरते नाही. आता आमच्याच तालुक्याचा विषय. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला ऑगस्ट २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. गोसीखुर्द धरणाचे पाणी सुमारे ४२६ किलोमीटर वाहत सहा जिल्ह्यांतून मोताळ्याच्या नळगंगा धरणापर्यंत यायचे आहे, खर्चाचा तेव्हाचा अंदाज ८८ हजार कोटींच्या घरात. पाणी मला हवे आहे, या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला हवे आहे. पण कालवा कोणाच्या वावरातून जाणार, मोबदला कसा, पाणी कोणत्या गावाला, यावर पारावर ज्याला जे वाटेल ते तो सांगतो. पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीची सूचना ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात द्यावी, असा २००६चा नियम आहे. तो पाळला जाईल. पण नोटीस छापून आली म्हणजे गावाशी बोलणे झाले, असे पाटबंधारे खात्याने समजू नये.

पहिली खुंटी ठोकण्याआधी अभियंत्यांनी तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांना मोताळ्यात एकत्र बसवून नकाशा समजावून सांगावा. मग गावोगाव दवंडी देऊन ग्रामसभा घ्यावी, लोकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावेत आणि उत्तरांसकट ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावेत. ज्याचे उत्तर ठरलेले नाही तिथे ‘ठरलेले नाही’ असेच लिहावे, शेजारी पुढची तारीख टाकावी. आणि ही सभा सोयाबीनच्या सोंगणीत ठेवू नये. त्या दिवसांत बाया पहाटेच वावरात जातात आणि सभेला फक्त पुढारी उरतात.